शेरीफ झाला, सोनं चोरल्याचा आरोप झेलला, शेवटी मगरीने नेला : कॅलिफोर्नियाच्या वाईनचा बाप म्हणवला गेलेल्या माणसाची गोष्ट

अमेरिकेची वाईन म्हटलं की बहुतेकांच्या तोंडात एकच नाव येतं, ते म्हणजे कॅलिफोर्नियाची नापा व्हॅली. फार तर शेजारचं सोनोमा. पण आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत वाईन बनते. त्यातल्या कित्येक वायनरी इतक्या छोट्या आहेत की त्यांची बाटली शेजारच्या राज्यातही मिळत नाही.

अशीच एक वायनरी विस्कॉन्सिन राज्यात आहे. हे राज्य ओळखलं जातं ते दूध, चीज आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीसाठी. तिथे विस्कॉन्सिन नदीच्या काठी, प्रेअरी डू सॅक नावाच्या गावाजवळ एका टेकडीच्या उतारावर वोलरशाइम वायनरी आहे. थंडी सोसणाऱ्या मारेशाल फॉशसारख्या संकरित द्राक्षांपासून ते वाईन बनवतात. या टेकडीच्या पोटात एक जुनं तळघर आहे. ते खोदायला ज्याने सुरुवात केली असं मानलं जातं, त्या माणसाला इथे द्राक्षं काही पिकवता आली नाहीत. तो वैतागून निघून गेला.

पुढे हाच माणूस कॅलिफोर्नियाच्या वाईनचा जनक म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याचं नाव आगोश्टोन हारास्ती.

हंगेरीचा जमीनदार अमेरिकेत कसा पोहोचला?

हारास्तीचा जन्म ३० ऑगस्ट १८१२ चा, पेश्त शहरातला. बुडा आणि पेश्त ही तेव्हा दोन वेगळी शहरं होती. पुढे ती एकत्र आली आणि बुडापेस्ट झालं. घराणं उमरावांचं होतं आणि बाचका नावाच्या भागात त्यांची शेतीवाडी होती. हा भाग आज सर्बियात येतो. तिथे द्राक्षमळे होते, वाईन बनत होती, रेशीमकिडेही पाळले जात होते. १८३३ मध्ये त्याचं एलेओनोरा देदिन्स्कीशी लग्न झालं.

घरचं सगळं नीट चाललं होतं. पण हारास्तीच्या पायाला भिंगरी होती. १८४० मध्ये तो एका चुलत भावाला घेऊन थेट अमेरिकेला निघाला. राजकीय मतांमुळे त्याला देश सोडावा लागला, अशी गोष्ट नंतर अनेक वर्षं सांगितली गेली. अभ्यासकांना मात्र तिला फारसा आधार सापडलेला नाही. कारण दोनच वर्षांनी, १८४२ मध्ये, हा पठ्ठ्या बिनधास्त हंगेरीत परत गेला आणि बायकामुलांना, आईवडिलांना घेऊन पुन्हा अमेरिकेत आला. १८४४ मध्ये अमेरिकेच्या प्रवासावर त्याचं हंगेरियन भाषेतलं पुस्तकही पेश्तमध्ये छापलं गेलं.

अमेरिकेत लोक त्याला काऊंट म्हणायचे, नंतर कर्नल म्हणू लागले. यातली काऊंट ही पदवी खरी नव्हती. पण लोक म्हणताहेत तर त्यानेही कधी मनावर घेऊन नाकारलं नाही.

पहिला प्रयोग बर्फात गाडला गेला

विस्कॉन्सिन नदीच्या काठी त्याने जमीन घेतली आणि एका इंग्रज भागीदाराबरोबर चक्क एक गाव वसवलं. गावाला हंगेरियन नाव दिलं, सेपताय. म्हणजे सुंदर जागा. पुढे नाव बदलत गेलं आणि आज ते गाव सॉक सिटी म्हणून ओळखलं जातं. गिरणी, दुकान, नदी ओलांडायला नाव, वाफेची बोट, विटांची भट्टी असे नाना उद्योग त्याने सुरू केले.

आणि अर्थातच द्राक्षं लावली. गावासमोर नदीच्या पलीकडे सूर्याकडे तोंड करून असलेला एक उतार त्याने निवडला. युरोपात असे उतार द्राक्षासाठी उत्तम समजले जातात. जागेची निवड चुकली नव्हती, पण हिवाळ्याचा अंदाज चुकला. तिथल्या कडाक्याच्या थंडीत युरोपियन जातीच्या वेली तग धरू शकल्या नाहीत.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि १८४९ मध्ये अर्धी दुनिया तिकडे धावत सुटली. हारास्तीनेही कुटुंबासह बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर पश्चिमेची वाट धरली. त्याच्या डोक्यात सोन्याइतकीच द्राक्षंही होती.

मागे राहिलेली टेकडी मात्र ओस पडली नाही. पेटर केल नावाच्या जर्मन माणसाने ती घेतली, दगडी इमारत बांधली आणि वाईनचा व्यवसाय चालवला. एकोणिसावं शतक संपता संपता तो व्यवसाय बंद पडला. नंतर १९७२ मध्ये वोलरशाइम कुटुंबाने ती जागा घेऊन पुन्हा वेली लावल्या. हारास्तीने आणलेल्या जाती त्यांनी लावल्या नाहीत. त्या थंडीत जगणाऱ्या जाती शोधून लावल्या. म्हणूनच ती वायनरी आजही सुरू आहे.

शेरीफ, आमदार आणि चिमणीतून उडालेलं सोनं

१८४९ च्या अखेरीस हारास्ती सॅन दिएगोला पोहोचला. काही महिन्यांतच, एप्रिल १८५० मध्ये, तो सॅन दिएगो काउंटीचा पहिला शेरीफ म्हणून निवडून आला. गावाचा तुरुंग बांधायचं कंत्राटही त्यालाच मिळालं. वडील तेव्हा नगर परिषदेत होते. हा तुरुंग इतका कच्चा निघाला की एका कैद्याने भिंत पोखरून पळ काढल्याचा किस्सा तिथे अजून सांगतात.

१८५२ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत गेला. मग सॅन फ्रान्सिस्कोजवळ जमीन घेऊन त्याने पुन्हा द्राक्षं लावली. यावेळी थंडीऐवजी धुकं आडवं आलं. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यामुळे ऊन कमी पडायचं आणि द्राक्षं नीट पिकायचीच नाहीत. थोडं दक्षिणेला, क्रिस्टल स्प्रिंग्ज भागात सरकून पाहिलं, तिथेही तेच.

पोटापाण्यासाठी त्याने सोन्याच्या धंद्यात हात घातला. सॅन फ्रान्सिस्कोत १८५४ मध्ये सरकारी टांकसाळ सुरू झाली होती. तिथे सोन्याचा कस तपासणारा अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. आणि मग घात झाला. हिशेब लावला तेव्हा सुमारे दीड लाख डॉलरचं सोनं कमी भरलं. १८५७ मध्ये त्याच्यावर अपहाराचा आरोप ठेवला गेला.

चौकशीत वेगळंच काही पुढे आलं. कामाचा ताण इतका होता की भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असायच्या. त्या प्रमाणाबाहेर तापायच्या आणि सोन्याचे बारीक कण धुराबरोबर चिमणीतून बाहेर जायचे. आजूबाजूच्या छपरांवर सोन्याची धूळ सापडली. फौजदारी आरोप मागे घेतले गेले, पण पैशांच्या वसुलीचा दावा सुरूच राहिला. १८६१ मध्ये तोही त्याच्या बाजूने निकाली निघाला. म्हणजे तब्बल चार वर्षं डोक्यावर चोरीचा ठपका घेऊन तो जगत होता.

त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम याच चार वर्षांत उभं राहिलं.

सोनोमात असं काय वेगळं होतं?

त्यावेळी कॅलिफोर्नियात वाईन नव्हती असं अजिबात नाही. स्पॅनिश मिशनरींनी आणलेलं मिशन नावाचं द्राक्ष सगळीकडे होतं. वाईनचं मुख्य केंद्र होतं लॉस एंजेलिस. तिथे जाँ लुई विन्य नावाच्या फ्रेंच माणसाने १८३० च्या दशकातच फ्रान्समधून द्राक्षाच्या काड्या मागवल्या होत्या. त्यामुळे हारास्तीने कॅलिफोर्नियाला पहिल्यांदा वाईन दाखवली, हे म्हणणं बरोबर नाही.

पण एक अडचण होती. मिशन द्राक्ष चिवट होतं, भरपूर पिकायचं, मात्र त्याची वाईन मिळमिळीत व्हायची. आंबटपणा कमी, चवीत दम नाही. आणि बहुतेक बागा सपाट जमिनीवर, पाटाच्या पाण्यावर होत्या.

हारास्ती सोनोमात आला तेव्हा त्याला तिथे एक छोटी जुनी बाग दिसली. मेक्सिकोच्या काळातले तिथले बडे प्रस्थ जनरल मारियानो वायेहो यांच्या कुटुंबाशी ती जोडलेली होती. तिथे धुक्याचा तेवढा त्रास नव्हता. दिवसा ऊन, रात्री गारवा. सोळा-सतरा वर्षं तो जी जागा शोधत होता, ती त्याला सापडली. १८५७ मध्ये त्याने तिथे मुक्काम हलवला आणि नाव दिलं ब्वेना विस्ता, म्हणजे स्पॅनिशमध्ये सुंदर दृश्य. पहिल्या फसलेल्या गावाच्या नावाचा अर्थही जवळपास हाच होता.

इथे त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली, वेली डोंगरउतारावर लावल्या आणि त्यांना पाणी दिलं नाही. नाशिक-सांगलीच्या ठिबकवर बाग जपणाऱ्या शेतकऱ्याला हे वेडेपणाचं वाटेल. पण तिथलं हवामान वेगळं. हिवाळ्यात पडलेल्या पावसाची ओल जमिनीत खोलवर टिकते, मुळं तिच्या शोधात खाली जातात. उत्पन्न कमी येतं, पण द्राक्षाला चव येते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याने आपलं ज्ञान लपवून ठेवलं नाही. १८५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्ष आणि वाईनवर त्याने एक अहवाल लिहिला. जमीन कशी निवडायची, वेल कशी लावायची, वाईन कशी मुरवायची हे सगळं त्यात होतं. राज्याच्या कृषी संस्थेने तो छापून वाटला. सोन्याचा नाद सुटलेल्या अनेकांना त्यातून नवा धंदा दिसला. चार्ल्स क्रूग त्याच्या शेजारी राहून हे काम शिकला आणि पुढे नापामध्ये जाऊन त्याने स्वतःची वायनरी उभी केली. ती नापाच्या सुरुवातीच्या वायनरींपैकी एक.

ब्वेना विस्ताच्या डोंगरात वाईन साठवायला लांब भुयारं खोदली गेली. ती खोदली चिनी मजुरांनी. वेली लावायच्या कामातही तेच होते. कमी मजुरीत काम करणारे म्हणून त्यांना आणलं गेलं आणि त्याच कारणाने गोऱ्या कामगारांचा त्यांच्यावर राग होता. हारास्तीने त्यांना कामावर ठेवण्याचं उघड समर्थन केलं. पण वाईनच्या इतिहासात त्याच्या नावाची पाटी लागली. भुयार खोदणाऱ्या बहुतेकांची नावंही उरली नाहीत.

एक लाख काड्या आणि सरकारचा नकार

१८६१ मध्ये टांकसाळीच्या दाव्यातून सुटका झाली आणि त्याच वर्षी हारास्ती युरोपला निघाला. कॅलिफोर्नियात द्राक्षशेती कशी वाढवता येईल याचा अभ्यास करण्यासाठी राज्याने नेमलेल्या समितीत तो होता. फ्रान्समधला बर्गंडी, जर्मनीतला ऱ्हाईन नदीचा परिसर, स्वित्झर्लंड, इटली, स्पेन असा दौरा त्याने केला. त्याचा मुलगा आर्पाद तेव्हा फ्रान्समध्ये शँपेन बनवायचं शिक्षण घेत होता. तोही बरोबर होता.

हारास्ती परतला तेव्हा त्याने एक लाखाहून जास्त काड्या आणि कलमं मागवली होती. द्राक्षाच्या तीनशेहून अधिक जाती होत्या. शिवाय ऑलिव्ह, बदाम, अंजीर, डाळिंब यांची रोपंही होती. त्याचा हिशेब सरळ होता. राज्याने खर्च द्यावा, ही रोपं शेतकऱ्यांना वाटावीत आणि कोणत्या मातीत कोणती जात चालते ते सगळ्यांनी मिळून शोधावं.

विधिमंडळाने नकार दिला. ज्या ठरावाने त्याची नेमणूक झाली होती त्यात मोबदला मिळणार नाही असं आधीच म्हटलेलं होतं. त्यात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं, तिजोरीवर ताण होता, आणि हारास्ती ज्या डेमोक्रॅटिक पक्षात होता त्याच्याकडे तेव्हा संशयाने पाहिलं जात होतं.

या नकाराची किंमत फक्त हारास्तीने मोजली नाही. रोपं सरकारच्या देखरेखीखाली राज्यभर गेली असती तर कोणती जात कुठे जगली याची नोंद राहिली असती. तसं झालं नाही. काही त्याने स्वतःच्या बागेत लावली, काही विकली. कुठली काडी कुठे गेली याचा माग हरवला. आज त्यातली नेमकी कोणती जात कुणामुळे कॅलिफोर्नियात रुजली, हे ठामपणे सांगणं अवघड आहे ते त्यामुळेच.

१८६२ मध्ये या दौऱ्यावर त्याचं इंग्रजी पुस्तक न्यूयॉर्कमध्ये प्रकाशित झालं. काड्यांचा माग हरवला, पण पुस्तक टिकलं.

कंपनी आली आणि मालकच बाहेर गेला

युरोपच्या खर्चाने हारास्ती कर्जात बुडाला होता. १८६३ मध्ये त्याने आपली जमीन एका नव्या कंपनीच्या नावावर केली. विल्यम राल्स्टनसारखे सॅन फ्रान्सिस्कोचे बडे गुंतवणूकदार तिच्यात होते. हारास्ती तिथला व्यवस्थापक झाला. याच वर्षी घरात मोठं कार्य निघालं. त्याच्या दोन मुलांची, आर्पाद आणि आतिलाची, जनरल वायेहोंच्या दोन मुलींशी एकाच दिवशी लग्नं लागली.

कंपनीला नफा हवा होता आणि तोही लवकर. वेली झपाट्याने वाढवण्यासाठी हारास्तीने दाब कलमाची पद्धत वापरली. म्हणजे वेलीची फांदी वाकवून मातीत दाबायची, तिला मुळं फुटली की नवी वेल तयार. पण थोड्याच वर्षांत बागेतल्या वेली पिवळ्या पडून सुकू लागल्या. भागधारकांनी दोष दिला तो दाब कलमाला आणि हारास्तीच्या उधळपट्टीला.

खरा गुन्हेगार जमिनीखाली होता. फायलोक्सेरा नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड द्राक्षाची मुळं खात होती. तिची ओळख सोनोमात पटली ती १८७३ मध्ये. तोवर हारास्ती या जगात नव्हता. पुढे या किडीवर उपाय सापडला, तो म्हणजे अमेरिकन जंगली द्राक्षाच्या खुंटावर युरोपियन जातीचं कलम बांधणं. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम भरणाऱ्या बागायतदारांना ही पद्धत नवी नाही. आपल्याकडे ते मुख्यतः पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी करतात, एवढाच फरक.

१८६६ च्या सुमारास हारास्तीला कंपनीतून बाहेर पडावं लागलं. पाठोपाठ दिवाळखोरीही आली.

निकाराग्वातली नदी

पन्नाशी उलटलेली, हाती काही नाही. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हारास्ती १८६८ मध्ये मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला गेला. तिथे उसाची लागवड करून रम बनवायची, असा त्याचा नवा बेत होता. त्याच वर्षी पीतज्वराने एलेओनोराचा मृत्यू झाला. हंगेरीतून विस्कॉन्सिन, तिथून सॅन दिएगो, सोनोमा आणि निकाराग्वा, असा तिने त्याच्यामागे संसार हलवला होता.

६ जुलै १८६९ रोजी हारास्ती आपल्या मळ्यातून बेपत्ता झाला. नदी ओलांडताना तो झाडाच्या फांदीवरून पाण्यात पडला असावा आणि मगरींनी त्याला ओढून नेलं असावं, असं घरच्यांनी मानलं. त्याचं शव कधीच सापडलं नाही. वय होतं ५६.

जे त्याने केलं नाही, त्याचंच श्रेय मिळालं

हारास्तीची खरी गंमत त्याच्या मृत्यूनंतर सुरू होते. कॅलिफोर्नियात झिनफँडेल नावाचं लाल द्राक्ष प्रचंड लोकप्रिय झालं होतं. मुलगा आर्पाद १८८० च्या दशकात सांगू लागला की हे द्राक्ष आपल्या वडिलांनीच आणलं. पुढची जवळपास शंभर वर्षं हीच गोष्ट पुस्तकांत छापली गेली.

नंतर इतिहासकारांनी जुनी कागदपत्रं तपासली. १८३० च्या सुमारास, म्हणजे हारास्ती अमेरिकेत यायच्या दहा वर्षं आधी, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या रोपवाटिकेच्या यादीत हे नाव होतं. तिथून ते पूर्वेकडच्या काचघरांत गेलं आणि १८५० च्या दशकात कॅलिफोर्नियात पोहोचलं. शेवटी २००१ मध्ये कॅरोल मेरेडिथ या अमेरिकन संशोधिकेने क्रोएशियन शास्त्रज्ञांसोबत डीएनए तपासला. झिनफँडेल म्हणजे क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या, जवळपास विस्मरणात गेलेल्या द्राक्षाचंच नाव निघालं.

दंतकथा मोडली तशी काही अभ्यासकांनी हारास्तीलाही मोडीत काढलं. पण झिनफँडेल बाजूला काढलं तरी त्याचं काम उरतंच. कोणत्या मातीत कोणती वेल, हा प्रश्न त्याने कॅलिफोर्नियाला विचारायला लावला. एक द्राक्ष सगळीकडे लावून चालणार नाही, जागेप्रमाणे जात शोधावी लागेल, हे त्याने लिहून ठेवलं, स्वतःच्या खिशातून करून दाखवलं आणि चार ठिकाणी फसून शिकलं. २००७ मध्ये अमेरिकेत वाईन व्यावसायिकांचं हॉल ऑफ फेम सुरू झालं, तेव्हा पहिल्याच यादीत त्याचं नाव होतं. ब्वेना विस्ता वायनरी बंद पडली, १९०६ च्या भूकंपात तिची भुयारं ढासळली, १९४० च्या दशकात ती पुन्हा उभी राहिली आणि आजही सुरू आहे.

यातून आपल्याला काय?

या गोष्टीचा एक धागा थेट नाशिकपर्यंत येतो. सुला वायनरी उभी राहिली तेव्हा तिथे मार्गदर्शनाला आलेले वाईनतज्ज्ञ केरी डॅमस्की हे सोनोमाचे. आणि सुलाने नाशिकमध्ये बनवलेल्या वाईनमध्ये झिनफँडेलही आहे.

महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेसाठी स्वतंत्र धोरण आणलं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १८६२ मध्ये जे नाकारलं होतं, तसं पाठबळ इथे धोरण म्हणून मिळालं. त्यातून नाशिकच्या आसपास छोट्या-मोठ्या वायनरी उभ्या राहिल्या, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजसारख्या ठिकाणी फ्रातेलीची वाईन बनू लागली. काही टिकल्या, काहींना टाळं लागलं.

बंद पडलेल्या वायनरीकडे बघून तो भाग वाईनसाठी नाहीच, असं म्हणणं सोपं असतं. विस्कॉन्सिनच्या त्या टेकडीबद्दलही १८४९ मध्ये कुणी हेच म्हणालं असतं. सव्वाशे वर्षांनी तिथे दुसऱ्या जातीच्या वेली लागल्या आणि त्या जगल्या. टेकडी तीच होती, बदलली ती वेल. हारास्ती आयुष्यभर नेमकं हेच सांगत होता.